सराव परीक्षेचे मार्क कसे वाचायचे?

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि 'आपापल्या क्षेत्रातलं काहीतरी सांगा, पण जेवणाआधी कोणाला झोप लागू देऊ नका' अशी ताकीदही दिली आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. पडद्यावर दिसणारा आकडा नेमकं काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे शोधण्यात माझी वीसेक वर्षं गेली. तेव्हा आज एका आकड्याबद्दलच बोलते. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी तो दर रविवारी संध्याकाळी येतो आणि येताना घरातली हवा बदलून टाकतो. तो आकडा म्हणजे मुलांच्या मॉक टेस्टचे मार्क.

त्यातही मी कायद्याच्या प्रवेश परीक्षांचं उदाहरण घेणार आहे. कारण सरळ आहे. आपण १९९६ साली दहावी झालो तेव्हा हुशार मुलांसमोर दोनच दारं होती, मेडिकल आणि इंजिनिअरिंग. वकिली म्हणजे 'आधी ग्रॅज्युएट हो, मग बघू'. आता आपल्या बॅचच्या ग्रुपवर बघा. चार-पाच घरांतली मुलं बारावीनंतर थेट पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला जायचं म्हणतात. त्यासाठी बाहेरगावी जायला हवंच असंही राहिलेलं नाही. महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ २०१६ पासून आपल्या नागपुरात आहे. ज्यांच्या घरी जेईई किंवा नीट आहे त्यांनीही ऐकावं, कारण खालचं गणित तेच आहे.

माझी भाची सध्या ही तयारी करते आहे. तिच्या निमित्ताने या परीक्षांच्या मार्कांचं गणित मी नीट बसून पाहिलं, आणि मला वाटलं की हे पालकांनाही माहीत हवं.

आधी परीक्षांची ओळख. नागपूरच्या मुलाला कायद्याला जायचं तर मुख्य परीक्षा दोन. एक क्लॅट. देशातली जवळपास सगळी राष्ट्रीय विधी विद्यापीठं, आपलं नागपूरचं धरून, तिच्यातून प्रवेश देतात. ही परीक्षा २००८ साली सुरू झाली. त्याआधी प्रत्येक विद्यापीठाची परीक्षा वेगळी, फॉर्म वेगळा, प्रवास वेगळा. दुसरी आपल्या राज्याची लॉ सीईटी, २०१६ पासूनची. राज्यातल्या विद्यापीठांच्या विधी महाविद्यालयांत जायचं तर ही द्यावी लागते. बहुतेक मुलं दोन्ही देतात. दोन्हींत चार पर्यायांतून एक निवडायचा असतो आणि वेळही दोन तास असतो. त्यामुळे घरच्यांना दोन्ही सारख्याच वाटतात.

पण मार्क देण्याची पद्धत वेगळी आहे, आणि त्या एका फरकाने पेपर सोडवण्याची रीतच बदलते.

सीईटीत चुकीच्या उत्तराला काही कापत नाहीत. म्हणजे तिथे एकही प्रश्न रिकामा सोडणं हा शुद्ध तोटा. शेवटची दोन मिनिटं उरली आणि दहा प्रश्न राहिले, तर डोळे मिटून दहाही प्रश्नांना एकेक पर्याय निवडावा. सरासरीने त्यातले दोन-तीन बरोबर येतात.

क्लॅटमध्ये बरोबर उत्तराला एक मार्क मिळतो आणि चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात. प्रश्न १२०, मार्क १२०. 'निगेटिव्ह मार्किंग' हा शब्द ऐकला की घरची सगळी मोठी माणसं एकच सल्ला देतात: 'शंभर टक्के खात्री असेल तरच लिही, नाहीतर सोड.' सल्ला मायेचा आहे, पण हिशेबात बसत नाही. पाटीवर मांडून बघू.

समजा प्रश्नातलं काहीच येत नाही आणि मुलीने आंधळेपणाने एक पर्याय निवडला. असे चार प्रश्न झाले, तर सरासरीने एक बरोबर येणार आणि तीन चुकणार. एक मार्क मिळाला, तीन पाव गेले. हातात उरला पाव मार्क. म्हणजे पूर्ण आंधळ्या अंदाजातही सरासरीने नुकसान नाही. थोडासा फायदाच आहे. आता चारपैकी एक पर्याय नक्की चुकीचा आहे एवढं तिला कळलं, तर अशा तीन प्रश्नांत एक बरोबर, दोन चूक. हातात अर्धा मार्क. दोन पर्याय खोडता आले, तर दोन प्रश्नांत एक बरोबर, एक चूक. हातात पाऊण मार्क. पर्याय खोडता येणं हेही ज्ञानच आहे, आणि ही परीक्षा त्या ज्ञानाचे पैसे देते.

आंधळा अंदाज अगदी निष्फळ करायचा असेल तर दंड एक तृतीयांश ठेवावा लागतो. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत तो तेवढाच आहे. तिथे चार आंधळ्या अंदाजांतून एक मिळतो, तीन तृतीयांश जातात, हातात शून्य. नीट आणि जेईईत बरोबरला चार आणि चुकीला वजा एक, म्हणजे प्रमाण क्लॅटचंच. तेव्हा 'निगेटिव्ह आहे' एवढं कळून भागत नाही. किती निगेटिव्ह आहे, हे विचारायला हवं.

लगेच कोणी घरी जाऊन 'मावशीने सगळे ठोकायला सांगितलं' असं म्हणू नये. सरासरी ही सरासरीच असते. वीस आंधळे अंदाज लावले तर सरासरी फायदा सव्वा मार्काचा, पण एखाद्या दिवशी सगळेच चुकले तर पाच मार्क जातात. शिवाय दोन तासांत १२० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट, आणि त्याच मिनिटात साडेचारशे शब्दांपर्यंतचे उतारेही वाचायचे. अंदाज बांधायलाही वेळ लागतो. म्हणून कुठे थांबायचं आणि कुठे सोडायचं हे प्रत्येकाचं वेगळं असतं. आपल्या मुलाचं कुठे आहे, ते सराव परीक्षेतूनच कळतं. सराव परीक्षेचा खरा उपयोग हा आहे.

आता दोन मुलं घ्या. दोघांनाही क्लॅटच्या सराव परीक्षेत ७० मार्क पडले. क्लासच्या यादीत दोघांची नावं एकाखाली एक, घरी बोलणीही सारखीच: 'काहून सत्तरच?' आता आत डोकावू. पहिल्याने ८० प्रश्न सोडवले. त्यातले ७२ बरोबर, ८ चूक. आठ पाव म्हणजे दोन गेले, उरले ७०. चाळीस प्रश्नांना त्याने हातच लावला नाही. दुसरीने सगळे १२० सोडवले. ८० बरोबर, ४० चूक. चाळीस पाव म्हणजे दहा गेले, उरले ७०.

एकाच आकड्यामागे दोन अगदी वेगळे विद्यार्थी आहेत. पहिल्याचं ज्ञान पक्कं आहे, पण हात सावकाश चालतो, किंवा मनात भीती आहे. त्याला आणखी पुस्तकं आणून दिली तर तो आणखी सावकाश होईल. त्याला वेग हवा आणि थोडं धाडस हवं. दुसरीला वेग भरपूर आहे, पण तिच्या बादलीला खाली भोक आहे. तिला आणखी पेपर सोडवायला लावले तर ती त्याच चुका आणखी वेगाने करेल. तिने चार दिवस एकही नवा पेपर न घेता त्या चाळीस चुका घेऊन बसलं पाहिजे. औषध अगदी उलट आहे आणि मार्कांचा आकडा एकच आहे.

आमच्या धंद्यात प्रोग्रॅम तपासताना 'शंभरातल्या सत्तर चाचण्या पास' एवढंच कोणी सांगितलं, तर आम्ही विचारतो: 'उरलेल्या तीस कुठल्या? आणि का?' तो तपशील नसेल तर सत्तर या आकड्याचं आम्ही काहीही करू शकत नाही.

हा तपशील मिळवायची एक साधी युक्ती मी भाचीला सांगितली. पैसे लागत नाहीत, ॲप लागत नाही. सराव परीक्षा सोडवताना प्रश्नपत्रिकेवर, उत्तरपत्रिकेवर नाही, प्रत्येक प्रश्नाच्या कडेला एक अक्षर लिहायचं. खात्री असेल तर 'ख'. दोन पर्यायांत अडकलीस तर 'शं', म्हणजे शंका. नुसताच अंदाज असेल तर 'अं'. एका प्रश्नाला एक सेकंद जातो. पेपर तपासून झाला की एकूण मार्क बघायच्या आधी तिन्ही रकान्यांची वेगवेगळी बेरीज करायची.

'ख' मधले किती चुकले, हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा. तिथे मूल चुकीच्या गोष्टीवर ठाम आहे. कायद्याच्या पेपरात असं खूप होतं, कारण तिथे उताऱ्यात एक नियम दिलेला असतो आणि तोच लावायचा असतो, आपल्या मनाचा न्याय नाही. उदाहरण सांगते. उताऱ्यात नियम असा की अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्द. प्रश्नात सतरा वर्षांचा मुलगा वय खोटं सांगून हप्त्याने मोबाइल घेतो. आपलं मन म्हणतं, 'लबाडी केली ना, मग करार पाळायलाच हवा.' मूल खात्रीने तेच उत्तर देतं आणि चुकतं. नियमात लबाडीचा अपवादच दिलेला नाही. मोहरीबीबीच्या प्रसिद्ध खटल्यात १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच रद्द ठरवला होता, आणि तिथेही वयाबद्दल खोटं सांगितलेलं होतं. ही चूक अभ्यास कमी पडल्याची नाही, वाचायच्या सवयीची आहे. 'ख' चा रकाना तपासला नाही तर ती वर्षभर तशीच राहते.

'शं' चा रकाना धाडसाचा. भाचीला तिच्या क्लासमध्ये 'शंका असेल तर सोड' असं शिकवलं होतं. सहा सराव परीक्षांत तिने शंकेचे प्रश्न सोडवून बघितले आणि हिशेब ठेवला. एकूण ११० प्रश्नांपैकी ६६ बरोबर, ४४ चूक. सहासष्टातून अकरा गेले, उरले पंचावन्न. म्हणजे दर पेपरला नऊ मार्क ती सोडून देत होती. तिचा अभ्यास एका पानानेही वाढला नव्हता, तिला फक्त स्वतःच्या शंकेची किंमत कळली. दुसऱ्या एखाद्या मुलाचा हिशेब उलटही येईल, त्याच्या शंका खरंच वाईट निघतील. म्हणून कोणाचा सल्ला उसना घेऊ नये, स्वतःची मोजणी करावी.

'अं' चा रकाना नशिबाचा. त्यातले मार्क एकूण बेरजेतून मनातल्या मनात वेगळे काढावेत. ते आज आले, उद्या येतीलच असं नाही.

इथे समोर आपले सर आणि बाई बसले आहेत, म्हणून एक आठवण काढते. आपली प्रिलिम किती कडक तपासली जायची! बोर्डाच्या आधी शाळेने घेतलेली तीच आपली सराव परीक्षा. वर लाल शाईत मार्क असायचे, पण खरा ऐवज आतल्या पानांवर होता. 'पायरी दुसरी, चिन्ह चुकले.' 'एकक कुठे आहे?' 'प्रश्न पुन्हा वाच.' बाईंना पन्नास-साठ मुलांचे गठ्ठे घरी न्यावे लागायचे, तरी प्रत्येक पानावर दोन शब्द लिहिलेले असायचे. मार्क आज आपल्यापैकी कोणालाही आठवत नसतील. चिन्हाची चूक मात्र पुन्हा झाली नाही. आजच्या मुलांचे पेपर मशीन तपासतं. मशीन झटपट तपासतं आणि पक्षपात करत नाही, पण समासात काही लिहीत नाही. ते ख-शं-अं म्हणजे बाईंचा समास मुलांनी स्वतः लिहायचा, एवढंच.

आता सगळ्यात नाजूक भाग. मार्क कमी-जास्त होतात तेव्हा त्याचा अर्थ काय घ्यायचा?

समजा एखाद्या मुलीची खरी तयारी अशी आहे की शंभरातले साठ प्रश्न तिला बरोबर येतात. तिने १२० सोडवले, तर सरासरीने ७२ बरोबर, ४८ चूक. मार्क ६०. पण दर वेळी नेमके ७२ येत नाहीत. कधी तिच्या ओळखीचे उतारे येतात, कधी नेमकं न वाचलेलं येतं. संख्याशास्त्राचा साधा हिशेब केला तर तीनपैकी साधारण दोन वेळा तिचे मार्क ५३ ते ६७ च्या मध्ये पडतील, आणि एखाद वेळी त्याच्याही बाहेर. मुलगी तीच, तयारी तीच, आणि एका रविवारी ६७, पुढच्या रविवारी ५३. पहिल्या रविवारी घरी संत्रा बर्फी येते, दुसऱ्या रविवारी मोबाइल काढून घेतला जातो. दोन्ही रविवारी घडलेलं काहीच नसतं.

त्यात पेपर वेगवेगळ्या ठिकाणचे. एका संस्थेचा सोपा, एकीचा मुद्दाम अवघड. जुन्या पुस्तकांतली गोष्ट तर आणखी वेगळी. क्लॅटमध्ये २०१९ पर्यंत २०० प्रश्न होते, २०२० पासून १५० झाले आणि उताऱ्यांवर आधारित झाले, २०२४ च्या प्रवेशापासून १२० झाले. जुन्या पेपरात १२० पडले म्हणून आनंद मानायचा, की नव्यात ६० पडले म्हणून रडायचं? ही तुलनाच होत नाही.

अमेरिकेतल्या कायद्याच्या प्रवेश परीक्षेत, एलसॅटमध्ये, ही अडचण ओळखून उपाय केलेला आहे. तिथे चुकीला काही कापत नाहीत, आणि बरोबर उत्तरांची संख्या थेट सांगत नाहीत. प्रत्येक पेपर किती अवघड होता हे जोखून ती संख्या १२० ते १८० या मोजपट्टीवर बसवतात. त्यामुळे सोप्या आणि अवघड पेपरांचे निकाल शेजारी ठेवता येतात. क्लॅट सगळ्यांची एकाच दिवशी, एकाच पेपरवर होते, म्हणून तिला त्याची गरज पडत नाही. तिथे मार्कांपेक्षा क्रमांक महत्त्वाचा. घरच्या सराव परीक्षांना मात्र ना मोजपट्टी आहे, ना एकच पेपर. म्हणून एका पेपरावर निर्णय नको. पाच-सहा पेपरांची सरासरी बघावी, तीही शक्यतो एकाच ठिकाणच्या. पाच पेपरांच्या सरासरीत तो सातचा हेलकावा तीनवर येतो. तेव्हा खरी चढण किंवा उतरण दिसते.

सराव परीक्षेतला क्रमांकही सांभाळून घ्यावा. 'दोनशेत चाळिसावा' म्हणजे त्या दोनशे मुलांत चाळिसावा. ती दोनशे मुलं कोण होती, त्यातली किती मन लावून बसली होती, हे त्या क्रमांकात लिहिलेलं नसतं.

आणि कोणाला वाटत असेल की ही सगळी गडबड सराव परीक्षेपुरतीच आहे, खऱ्या परीक्षेचे मार्क म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, तर दोन गोष्टी सांगते.

२०१८ च्या मे महिन्यात क्लॅट ऑनलाइन झाली. अनेक केंद्रांवर कॉम्प्युटर बंद पडले, मुलांची मिनिटं वाया गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मिनिटांचे मार्क कसे द्यायचे? तोडगा असा निघाला की मिळालेल्या वेळात त्या मुलाने ज्या गतीने मार्क मिळवले, त्या गतीने गेलेल्या वेळाची भरपाई द्यायची. बघा, न्यायालयासमोरही शेवटी एकूण मार्क पुरले नाहीत, मार्क आणि वेळ एकत्र बघावे लागले. पुढे २०२४ च्या नीटमध्ये १,५६३ मुलांना त्याच सूत्राने वाढीव मार्क दिले गेले, तेव्हा एवढा गदारोळ झाला की ते मार्क मागे घेऊन त्या मुलांना फेरपरीक्षेचा पर्याय द्यावा लागला. एका परीक्षेत चाललेलं सूत्र दुसऱ्या परीक्षेला जसंच्या तसं लावता येत नाही.

दुसरी गोष्ट त्यानंतरची. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या क्लॅटच्या उत्तरतालिकेतच चुका निघाल्या. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने दोन प्रश्नांबाबत मुलाचं म्हणणं मान्य केलं, पुढे वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ७ मे २०२५ ला न्यायालयाने काही प्रश्नांचे निकाल दुरुस्त करायला लावून प्रश्न काढण्यातल्या बेफिकिरीवर नाराजी व्यक्त केली. त्या खंडपीठाचे प्रमुख होते न्यायमूर्ती भूषण गवई, आपल्या अमरावतीचे, नागपूर खंडपीठात वकिली केलेले. आठवड्याभरात ते सरन्यायाधीश झाले. देशपातळीवरच्या परीक्षेत एवढं होतं, तर घाईघाईत छापलेल्या सराव परीक्षेच्या उत्तरतालिकेत काय होत असेल? म्हणून मूल 'माझं उत्तर बरोबर आहे, तालिका चुकली' म्हणालं, तर त्याला लगेच गप्प करू नका. 'दाखव कसं' म्हणा. त्याला वकील व्हायचं आहे. युक्तिवाद करायची पहिली संधी त्याला घरीच मिळू द्या.

क्लॅटमध्ये दोघांचे मार्क सारखे झाले तर आधी कायद्याच्या विभागातले मार्क बघतात, मग ज्याचं वय जास्त तो पुढे, आणि तरीही तिढा सुटला नाही तर कॉम्प्युटरवर चिठ्ठी टाकतात. सगळ्यात मोठ्या परीक्षेतही शेवटी चिठ्ठी आहे. एवढं लक्षात ठेवलं तरी अर्ध्या-पाव मार्कासाठी घरात होणारी भांडणं थोडी कमी होतील.

हे सगळं मी आज का सांगते आहे? गेल्या पावसाळ्यात भाचीला एका पेपरात ६१ आणि लगेच पुढच्या पेपरात ५२ पडले. दुसरा पेपर वेगळ्या ठिकाणचा होता. क्लासच्या ग्रुपवर रात्री यादी आली, नावांसकट. दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या आईचा मला फोन आला: 'ती म्हणते कायदा आपलं काम नाही, फॉर्मच भरत नाही.' नऊ मार्क. निम्म्याहून अधिक हेलकावा, उरलेला अवघड पेपर. त्यावर सतरा वर्षांची मुलगी आयुष्याचा निर्णय घ्यायला निघाली होती. आम्ही दोघींनी ते दोन्ही पेपर समोर ठेवून तीन रकाने मांडले, तेव्हा दिसलं की दुसऱ्या पेपरात तिचे खात्रीचे चुकलेले प्रश्न उलट कमी झाले होते. ती सुधारत होती, आणि आकडा तिला नापास म्हणत होता. तिने फॉर्म भरला आहे. निकाल काय लागेल तो लागो. निर्णय निदान तिचा असेल, एका रविवारच्या पेपराचा नसेल.

आपल्या सगळ्यांकडे माझी एकच विनंती आहे. रविवारी संध्याकाळी मूल पेपर घेऊन येईल तेव्हा पहिला प्रश्न 'किती पडले?' हा नको. 'खात्रीचे किती चुकले?' हा असू द्या. दुसरा प्रश्न, 'वेळ कुठे गेला?' मार्क तिसऱ्या नंबरवर विचारा, आणि मागच्या पाच पेपरांसोबत विचारा. हे तीन रकाने मी एका साध्या एक्सेलमध्ये मांडून ठेवले आहेत, आपल्या ग्रुपवर टाकते. कायदा असो, जेईई असो, नीट असो, मार्कांचे आकडे बदलले की चालतं.

सर, बाई, तुम्ही आमच्या वह्यांच्या समासात जे लिहिलंत त्याबद्दल इतक्या वर्षांनी आभार मानते. आणि मित्रमैत्रिणींनो, तुम्ही झोपला नाहीत याबद्दल तुमचेही. संयोजक घड्याळाकडे बघताहेत, जेवण तयार आहे, म्हणून इथेच थांबते.